चिठ्ठी दिली म्हणजे काम संपलं नाही : कॅन्सर आणि आपला फॅमिली डॉक्टर

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट बऱ्याच घरांत पेशंटच्या आधी फॅमिली डॉक्टर वाचतो. थोरला मुलगा किंवा जावई संध्याकाळी दवाखान्यात येतो, रांगेतल्यांना पुढे जाऊ देतो, शेवटी आत शिरून कागद टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांना यातलं काही कळू देऊ नका.’ डॉक्टर रिपोर्ट वाचतात, मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहितात, धीराचे दोन शब्द बोलतात. त्यानंतर कित्येक महिने तो पेशंट त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं शहरात होतं.

हे मधले महिनेच घराला सगळ्यात जड जातात. कॅन्सरतज्ज्ञाकडे गर्दी असते. गाठ किती मोठी, किती पसरली, कोणतं औषध चालेल, एवढं ठरवण्यातच त्याची मिनिटं संपतात. ही बाई सहा माणसांच्या घरात एकटी स्वयंपाक करते, नवरा पितो, मुलीचं लग्न वैशाखात ठरलंय, हे त्याला माहीत नसतं. फॅमिली डॉक्टरला ते वीस वर्षांपासून माहीत असतं. त्याने केमो द्यायची नाही, पण पेशंटच्या मनाला आणि घराला जो आधार लागतो त्यातला बराचसा तोच देऊ शकतो. तो नेमका कसा द्यायचा आणि घरच्यांनी त्याच्याकडे काय मागायचं, ते इथे सांगितलं आहे.

सांगायचं की नाही

‘त्यांना सांगू नका’ या मागणीमागे प्रेम असतं, त्यामुळे डॉक्टरने तिच्यावर चिडू नये. पण ती फार दिवस टिकत नाही. महाराष्ट्रात ‘टाटाला नेलंय’ एवढं ऐकलं तरी लोकांना काय ते कळतं. परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून सुरू आहे आणि त्याचं नाव आता आजाराचंच दुसरं नाव झालं आहे. दारावरची पाटी, बाकावर शेजारी बसलेले पेशंट, फाइलवरचा मजकूर, यांतून पेशंटला दोन दिवसांत सगळं उमगतं. मग घरचे त्याच्यापासून लपवतात आणि आपल्याला कळलंय हे तो घरच्यांपासून लपवतो. एकाच खोलीत राहून कोणी कोणाशी बोलत नाही. शिवाय ऑपरेशनच्या आणि केमोच्या संमतीपत्रावर सही पेशंटची लागते. कशासाठी सही करतोय हे ठाऊक नसलेल्या माणसाची संमती ही संमतीच नव्हे.

यातून वाट काढायची तर सुरुवात मुलापासून करावी. ‘बाबांना सांगितलं तर काय होईल असं तुला वाटतं?’ एवढंच विचारून थांबावं. उत्तर बहुतेक वेळा ‘ते धसका घेतील’ असं येतं. ही भीती खोटी आहे असं म्हणू नये. ‘आजवर मोठं संकट आलं तेव्हा बाबा कसे वागले?’ असं विचारावं, म्हणजे मुलालाच वडिलांची ताकद आठवते. त्यानंतर डॉक्टरने एक करार करावा : ‘मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी मला थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही.’ हा करार जवळजवळ प्रत्येक घर मान्य करतं, कारण त्यात सक्ती नसते.

मग रक्तदाब पाहायच्या निमित्ताने पेशंटला एकट्याला आत घ्यावं. पहिला प्रश्न : ‘तुम्हाला या आजाराबद्दल आतापर्यंत काय काय सांगितलंय?’ दुसरा : ‘काही लोकांना सगळं तपशिलात हवं असतं, काहींना वाटतं मुलाने बघावं. तुम्हाला कसं बरं वाटेल?’ ‘मुलाशीच बोला’ असं पेशंट म्हणाला तर तो त्याचा निर्णय आहे आणि तो पाळावा. सांगण्याइतकाच न ऐकण्याचाही त्याला हक्क आहे. ही परवानगी त्याच्याकडून घ्यायची असते, मुलाकडून नाही.

प्रत्यक्ष सांगताना लहान गोष्टी फार महत्त्वाच्या ठरतात. फोन बंद ठेवा, दार लोटून घ्या, टेबलापलीकडे न बसता शेजारी बसा. आधी सूचना देणारं वाक्य यावं : ‘रिपोर्ट आलाय, आणि तो आपल्याला हवा होता तसा नाही.’ दोन-तीन सेकंद थांबून आजाराचं नाव घ्या. ‘थोडी खराब गाठ’, ‘जरा इन्फेक्शनसारखं’ असे आडपडदे नकोत, पेशंट त्यांना धरून बसतो आणि उपचार टाळतो. नाव उच्चारल्यावर गप्प बसायचं. डॉक्टरला हे सगळ्यात अवघड जातं. मनात 20 अंक मोजावे लागले तरी चालतील. या शांततेत पेशंट रडेल, रागावेल किंवा ‘मग आता?’ असं विचारेल. ‘आता?’ आलं की पुढचं पाऊल तारखेसह सांगा : ‘सोमवारी सीटी स्कॅन, गुरुवारी तिथल्या डॉक्टरांची भेट.’ टक्केवारी आणि आयुष्याच्या वर्षांचा हिशेब पहिल्या भेटीत काढू नये, कारण आजाराची अवस्था अजून कळलेलीच नसते.

‘घाबरू नका, काही होणार नाही’ हे वाक्य कटाक्षाने टाळावं. ते खोटं ठरू शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पेशंटचं बोलणं तिथेच थांबतं. आपली भीती ऐकून घ्यायची यांची तयारी नाही, असा त्याचा अर्थ तो घेतो. त्यापेक्षा ‘सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?’ असं विचारावं. उत्तर अनेकदा मरणाचं नसतं. ते असतं म्हशींचं, कर्जाचं, नातवाच्या शाळेचं.

बातमी ऐकल्यानंतर माणसाच्या डोक्यात फारसं काही शिरत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी दुसरी भेट ठरलेलीच हवी. तेव्हा ‘घरी गेल्यावर काकूंना काय सांगितलंत?’ असं विचारलं की पेशंटला काय कळलं आणि काय निसटलं ते समजतं. ‘सुई घातली की कॅन्सर पसरतो’, ‘हवा लागली की वाढतो’ असले समज याच भेटीत बाहेर येतात. त्यांना हसू नये. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाही आणि तपासणीमुळे आजार फैलावेल या भीतीने ती टाळणाऱ्यांचंच अधिक नुकसान होतं, हे शांतपणे सांगावं.

एक अडचणीची बाबही इथेच बोलून टाकलेली बरी. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम किंवा स्तनातली गाठ पुढच्या तपासणीला पाठवायला कधी कधी फॅमिली डॉक्टरकडूनच उशीर झालेला असतो. पेशंटच्या मनात ते खदखदतं. डॉक्टरने विषय स्वतः काढावा : ‘मी तुम्हाला तेव्हाच पाठवायला हवं होतं.’ हे ऐकून नातं तुटत नाही, न बोलल्याने मात्र तुटतं.

पैसा, कागद आणि रस्ता

पैशाची चिंता ही मनाची चिंता नव्हे असं समजून डॉक्टर तिकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात घर सगळ्यात आधी तिथे कोसळतं. जमीन गहाण पडते, सोनं मोडलं जातं, आणि आपण घराला खाईत लोटतोय या अपराधी भावनेने पेशंट अर्ध्यात केमो सोडतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच सरळ विचारावं : ‘उपचाराच्या पैशांची सोय कशी करताय?’

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन तिच्यात बसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे ही योजना विनारोकड आहे, मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. खाजगीत पैसे भरून मग पावत्या घेऊन गेलं तर ते परत मिळत नाहीत. दुसरं म्हणजे नावं जुळत नाहीत. शिधापत्रिकेवर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, किंवा लग्नानंतर सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढवलेलंच नाही. हे दुरुस्त करायला तहसीलला खेपा पडतात आणि तोवर पहिली केमो लांबते. चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरने दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव वाचलं तर घराचे पंधरा दिवस वाचू शकतात.

बाकीचे मार्गही ठाऊक असावेत. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. कारखान्यात काम करणारा पेशंट कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असेल, नोकरीला सलग 2 वर्षं झाली असतील आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात त्याला पगाराच्या 80 टक्के रक्कम 2 वर्षांपर्यंत मिळू शकते. हे माहीत नसल्यामुळे माणसं राजीनामा देऊन मोकळी होतात आणि हक्क गमावतात. राजीनाम्याआधी डॉक्टरला विचारा. अगदी गरीब घरातल्या 65 वर्षांखालच्या पेशंटला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना 1500 रुपये मिळतात, कॅन्सर त्या यादीत आहे. मात्र वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये असल्याने दाखल्यावर अडतं.

प्रवासात रेल्वेची सवलत मोठी आहे. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टिअर एसीत तिकीट माफ असतं, बरोबरच्या एका माणसाला तिथे 75 टक्के सूट मिळते. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून भरून, सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. पहिल्या भेटीत तो मागायचा राहिला की पुढच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण भाड्याने होतात. एसटीलाही सवलत आहे.

मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न रेडिएशनच्या वेळी अटीतटीचा होतो. खेड्यात ज्याला ‘लाइट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते हे रेडिएशन. तोंडाच्या कॅन्सरला ते साधारण 6 आठवडे, आठवड्यातले 5 दिवस चालतं. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण मुक्काम दीड महिन्याचा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी सोय होते, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र लागतं, त्यामुळे त्या विभागाची खोली पहिल्याच दिवशी शोधावी.

आणि प्रत्येकाने परळच गाठलं पाहिजे असं नाही. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय इथे वर्षानुवर्षं उपचार होत आहेत. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदवही 1987 साली बार्शीतच सुरू झाली. घरापासून दोन तासांवर उपचार होत असतील तर बाई रात्री आपल्या मुलांजवळ झोपू शकते. त्याची किंमत औषधापेक्षा कमी नाही. गुंतागुंतीचं ऑपरेशन एकदा मोठ्या केंद्रात आणि पुढची केमो जवळ, अशी वाटणीही करता येते. ती मागायला फॅमिली डॉक्टरचा एक फोन पुरतो.

केमो चालू असताना

या काळात पेशंटने दवाखान्यात यावं अशी वाट पाहू नये. डॉक्टरने स्वतः फोन करावा. पाच मिनिटांचा फोन, पण ठरलेल्या दिवशी. केमो बऱ्याचदा 21 दिवसांच्या फेऱ्यांत देतात, अशा प्रत्येक फेरीत फोनचे दोन दिवस महत्त्वाचे.

पहिला फोन केमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने पहिले दोन-तीन दिवस झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, मधुमेह असेल तर साखर वर जाते. औषध बंद झालं की एकदम गळून गेल्यासारखं, उदास वाटतं. ‘बाबा आधी अंगावर येत होते, आता भिंतीकडे तोंड करून पडलेत’ असं घरचे सांगतात आणि आजार डोक्यात गेला म्हणून घाबरतात. हे औषधामुळे होतंय आणि दोन दिवसांत निवळेल, एवढं आधीच सांगून ठेवलं तर घरातली अर्धी भांडणं टळतील.

दुसरा फोन आठव्या-दहाव्या दिवशी. साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कारण ताप उतरतो पण जंतुसंसर्ग वाढत राहतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता असते म्हणून कमरेत इंजेक्शन देऊ नये, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तर नकोच. हे मनाच्या आधाराच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण रात्री ताप आल्यावर कोणाला फोन करायचा हे ठाऊक असणं, हाच पेशंटला मिळणारा मोठा दिलासा असतो. फाइलच्या पुठ्ठ्यावर आत तीन नंबर लिहून ठेवा : केमोच्या वॉर्डचा, फॅमिली डॉक्टरचा, गाडीवाल्याचा.

केस पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी हातात येऊ लागतात. बाईला हे आधी सांगा आणि केस बारीक कापून घ्यायचे का ते तिलाच ठरवू द्या. ज्या औषधांनी केस जात नाहीत त्यांच्या बाबतीत हे सांगून उगाच घाबरवू नका, यादी पाहूनच बोला. थकव्याबद्दल घरच्यांशी स्पष्ट बोलावं लागतं. केमोचा थकवा झोपून जात नाही, त्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. ज्या घरात स्वयंपाक तीच करते तिथे डॉक्टरने नवऱ्याला समोर बसवून विचारावं, ‘पुढचे चार महिने भाकरी कोण करणार?’ नाव ठरल्याशिवाय उठू नये. हा प्रश्न डॉक्टरने विचारला की त्याला औषधाचं वजन येतं, तिने विचारला तर कुरकुर ठरते.

घरातली भांडी, मुलं आणि दोष

कॅन्सर स्पर्शाने, ताटाने, एका अंथरुणाने पसरत नाही. हे वाक्य डॉक्टरने पेशंटच्या सासू-सासऱ्यांसमोर मोठ्याने म्हणावं, त्याने फरक पडतो. वेगळं ताट-वाटी काढलेली घरं अजून आहेत, आणि त्या ताटाने जे दुखतं ते ऑपरेशनने दुखत नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. या आजारामागचा विषाणू, एचपीव्ही, इतका सर्रास आढळतो की लग्नाच्या नात्यातूनही तो सहज येतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. तो कोणाकडून आला हे शोधता येत नाही, शोधायचंही नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोष तंबाखू, गुटखा, मिश्री यांवरून येतो. ‘तूच ओढवून घेतलंस’ हे पेशंट स्वतःशी रोज म्हणत असतो. तंबाखू सोडायला मदत करायची, पण झाल्या गोष्टीचा हिशेब मांडायचा नाही. उपचार चालू असताना तंबाखू सुटली तर जखमा लवकर भरतात आणि पुन्हा आजार होण्याचा धोका कमी होतो, एवढं कारण पुरेसं आहे. जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस चारचौघांत जेवायला लाजतो, लाळ गळते, बोललेलं कळत नाही. तो लग्नकार्याला जाणं सोडतो, मग पारावर बसणंही सोडतो. त्याला आधी एका मित्राबरोबर घरीच जेवायला बसवा. बोलण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या महिन्यापासून करून घेतले तर फरक दिसतो, नंतर जबडा आखडतो.

मुलांना ‘आई मामाकडे गेलीय’ असं सांगू नये. ती दारामागून सगळं ऐकतात आणि स्वतःच्या मनाने अर्थ लावतात. लहान मुलाला वाटतं, मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. त्याला आजाराचं नाव सांगा. हा तुझ्यामुळे झाला नाही आणि तुला लागणार नाही हेही सांगा. आई नसताना डबा कोण भरेल, शाळेतून कोण आणेल, ते ठरवून सांगा. मुलांना ठरलेली व्यवस्था धीर देते.

काढे, गोमूत्र, कुठल्या तरी गावच्या वैदूची पुडी, हे बहुतेक घरांत येतंच. डॉक्टर रागावले की ते बंद होत नाही, फक्त लपून चालू राहतं. ‘आणखी काय काय घेताय? कोणी काही आणून दिलं असेल तर दाखवा, मी रागावणार नाही’ असं विचारा आणि खरंच रागावू नका. ज्याने यकृतावर ताण येतो किंवा केमोच्या औषधात ढवळाढवळ होते ते केमोच्या दिवसांत थांबवायला सांगा. तुळशीचं पाणी, जप, नवस यांना हात लावायचं कारण नाही.

उदासपण ओळखायचं कसं

रडणं म्हणजे डिप्रेशन नव्हे. बातमी कळल्यावर पहिले काही दिवस झोप न लागणं, रडू येणं हे स्वाभाविक आहे. चाचपायला सोपी पद्धत अशी : 0 म्हणजे काहीच त्रास नाही आणि 10 म्हणजे सहन होण्यापलीकडचा, तर आजसकट गेल्या आठवड्यात मनाचा त्रास किती होता? 4 किंवा त्यापेक्षा जास्त आकडा आला की कशामुळे ते शांतपणे विचारायचं. दर भेटीला आकडा केसपेपरवर लिहून ठेवला की चढउतार दिसतो.

त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर दोन प्रश्न विचारावेत : कशातच रस वाटत नाही असं किती दिवस होतं? निराश, हताश किती दिवस वाटतं? कॅन्सरमध्ये एक घोटाळा होतो. भूक नसणं, वजन उतरणं, झोप उडणं, गळून जाणं ही डिप्रेशनची लक्षणं केमोमुळेही येतात. म्हणून शरीरापेक्षा मनाकडे पाहायचं. नातू जवळ आला तरी चेहरा उजळत नाही, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हेच पुन्हा पुन्हा तोंडी येतं, तेव्हा उपचार हवेत.

निदानानंतरचे पहिले आठवडे आणि महिने आत्महत्येच्या दृष्टीने धोक्याचे असतात. थेट विचारावं : ‘हे सगळं संपवून टाकावं असं कधी मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर होकारार्थी आलं तर त्या रात्री पेशंटला एकटं ठेवायचं नाही, शेतावरची कीटकनाशकं आणि घरातल्या झोपेच्या गोळ्या कुलपात जायच्या आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

उदासपणावर औषध लिहिताना डॉक्टरांनी एक ध्यानात ठेवावं. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन टाळावं, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या औषधात रूपांतर होणं त्यांनी अडतं. दुसरी औषधं आहेत. उदासपणाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे घरच्यांना सांगितलं नाही, तर पाचव्या दिवशी त्या बंद होतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पटकन झोप आणतात, पण सवय लावतात आणि म्हाताऱ्या पेशंटला पाडतात.

उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली की घरात पेढे वाटतात आणि पेशंटला नेमकं त्याच आठवड्यात एकटं वाटायला लागतं. रोजची धावपळ थांबते, सगळे ‘झालं एकदाचं’ म्हणतात, आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न राहतो : परत आला तर? तपासणीची तारीख जवळ आली की पोट बिघडतं, झोप जाते. डोकं दुखलं तरी मेंदूत गेलाय असं वाटतं. याला ‘उगाच विचार करू नका’ हे उत्तर नाही. कोणत्या लक्षणासाठी लगेच यायचं, कशासाठी दोन आठवडे थांबायचं, याची दोन ओळींची यादी त्याच्या आजारानुसार लिहून द्यावी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजार परतलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात तपासण्या जवळजवळ असतात हेही समजावावं. नवरा-बायकोच्या नात्याचा विषय डॉक्टरनेच काढावा लागतो. स्तन काढलेली बाई किंवा शौचासाठी पोटावर पिशवी आलेला पुरुष तो स्वतःहून काढणार नाही.

आजार हाताबाहेर गेला तर

काही पेशंटच्या फाइलवर एक दिवस ‘लक्षणांनुसार आधार’ अशा अर्थाचा शेरा येतो आणि घरी पाठवलं जातं. घरच्यांना वाटतं, आता काही करण्यासारखं नाही. करण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते सगळं घरीच करायचं असतं. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही, निदानापासूनच बरोबरीने चालू शकते. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून हे काम करत आहे.

दुखणं असह्य असेल तर मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाला घाबरू नये. साधी गोळी दर 4 तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायला लागायची वाट पाहायची नाही. झोपाळूपणा आणि मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू करायचं. हे राहिलं की पेशंट पोटदुखीला कंटाळून मॉर्फिन सोडतो आणि औषधाला दोष जातो. अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं आहे. जवळची अशी संस्था कोणती, हे फॅमिली डॉक्टरने आधीच शोधून ठेवावं.

पेशंटला उचलून, पुसून, भरवून ज्याची कंबर मोडली आहे त्या माणसाकडेही घरी गेल्यावर पाहावं. बहुतेकदा ती बायको किंवा सून असते. तिचा रक्तदाब तपासावा, आपली स्वतःची गोळी शेवटची कधी घेतली ते विचारावं, आठवड्यातली एक दुपार तिला सुटी मिळावी म्हणून दिराशी बोलावं.

मृत्यूनंतर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, मग एकदम रिकामं होतं. डॉक्टरने महिना-दीड महिन्याने एक फेरी मारावी. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून ज्या संस्थेने दिल्या तिला परत करायला सांगावं. आणि ‘आम्ही आधी आणलं असतं तर वाचले असते का?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, तेव्हा खुर्ची ओढून बसावं. उत्तराला वेळ लागतो.